दगडखाण सुरू झाल्यावर डोंगरावरील वन्यजीव खरोखरच शेजारच्या उतारावर जातात का?

प्रश्न

खाणीसाठी डोंगराचा लहानसा भागच फोडला जातो, तेथील प्राणी शेजारच्या उतारावर जातात आणि काम थांबल्यावर परततात, असे वारंवार सांगितले जाते. मोठ्या प्राण्यांबाबत हे काही अंशी पटते. परंतु कपारींतील पक्षी, वटवाघळे आणि लहान जीव यांचे काय होते? खाणीचा परिणाम तिच्या हद्दीबाहेर कसा पोहोचतो, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १

शेजारचा उतार रिकामा असतो, हे गृहीतकच चुकीचे आहे. तेथील कपारी, पाणी आणि भक्ष्य यांवर आधीपासून राहणाऱ्या प्राण्यांचा ताबा असतो, त्यामुळे विस्थापित झालेल्यांपैकी अनेकांचा निभाव लागत नाही. कड्यांवर घरटी करणारी गिधाडे एका विणीत साधारणपणे एकच अंडे घालतात. सुरुंगाच्या हादऱ्याने उबवणारा पक्षी पुन्हा पुन्हा उडाला आणि अंडे थंड पडले, तर बहुधा त्या जोडीचे संपूर्ण वर्ष वाया जाते. वटवाघळांच्या बहुतेक जातींतही मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. थंड प्रदेशांत गुहांमध्ये शीतनिद्रा घेणारी वटवाघळे अवेळी जागी झाली, तर हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी खर्च होते आणि बाहेर कीटक नसल्याने ती भरून निघत नाही.

उत्तर २

चुनखडीच्या डोंगरांबाबत तर ‘परततात’ हा शब्दच लागू होत नाही. असे एकाकी डोंगर बेटांसारखे असतात, आणि कवचासाठी कॅल्शियम लागणाऱ्या सूक्ष्म गोगलगायींच्या काही जाती एकाच डोंगरापुरत्या मर्यादित असतात. मलेशियाच्या पहांग राज्यातील बुकित पांचिंग या डोंगराखेरीज कोठेही न आढळलेली ‘प्लेक्टोस्टोमा सायाफिलम’ ही गोगलगाय खाणकामात तो डोंगरच नाहीसा झाल्याने संपली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१४ मध्ये तिला नामशेष ठरवले. खोदलेले क्षेत्र किती लहान होते, या युक्तिवादाला येथे काय अर्थ उरतो?

उत्तर ३

हद्दीबाहेरच्या परिणामांत मला पाणी सर्वांत महत्त्वाचे वाटते. खडकातील भेगांतून पाणी मुरून खाली झरे वाहतात. खाण खोल गेली आणि साचलेले पाणी उपसले जाऊ लागले, की दूरचा झराही आटू शकतो, आणि उन्हाळ्यात त्याच झऱ्यावर अवलंबून असलेले प्राणी हतबल होतात. पावसात वाहून आलेला गाळ ओढ्याच्या तळाशी बसतो व बेडकांची अंडी आणि जलकीटक त्याखाली गाडले जातात. क्रशरची धूळ पानांवर थर धरते, तर संथपणे वाढणारे दगडफूल तिच्याखाली झाकले जाते.

बंद पडलेल्या खाणींत बहिरी ससाणा घरटे करतो, हेही खरे आहे आणि ते नाकारू नये. मात्र तो दूरवर उडू शकणारा, अनेक खंडांत पसरलेला पक्षी आहे. त्याच्या पुनरागमनावरून गोगलगायींचा किंवा गुहेतील वटवाघळांचा हिशेब मांडता येत नाही.

उत्तर ४

म्हणूनच परवानगीपूर्वीचे सर्वेक्षण एकाच ऋतूत आणि केवळ दिवसा उरकले असेल, तर त्याला हरकत घ्यावी. विणीच्या काळात सुरुंग बंद ठेवणे आणि कड्याभोवती मोकळा पट्टा राखणे या अटी उपयोगी आहेत, परंतु ज्या जातीचा एकच डोंगर आहे, तेथे कोणतीही अट पुरेशी नाही. तेथे परवानगीच नाकारावी लागते.