अनुभव धागा: प्रिंटवर आलेल्या पांढऱ्या रेघा

माहुलीकाठ
काल पोराचं हॉल तिकीट छापलं आणि फोटोवर आडव्या पांढऱ्या रेघा. बघितलं आणि पोटात गलबललं. एकदम 2016 आठवलं. आईचं वर्षश्राद्ध होतं, फोटो मोठा करून लावायचा होता. आदल्या रात्री दहाला बसलो छापायला. आईचा चेहरा हिरवट आला. मजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, गेली की चेहरा असा हिरवा पडतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. हेड क्लिनिंग, म्हणजे थेंब उडवणारं हेड शाई ओढून साफ करणं, तेच मारत सुटलो. 9 वेळा. दर वेळी रेघा नव्या जागी. बाराच्या सुमारास दोन दिवे आळीपाळीनं लुकलुकले आणि यंत्र जागच्या जागी बसलं. क्लिनिंगला ओढलेली शाई खाली स्पंजाच्या पॅडमध्ये जाते, यंत्र तिचा हिशोब ठेवतं, हिशोब भरला की छापणं बंद. हे सगळं नंतर कळलं.

सकाळी सातला राजवाड्याजवळच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी माझ्यासाठी शटर उघडलं. फोटो काढून दिला, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "दोनदा क्लिनिंग केलंस की तिला झोपू दे. नळीत हवा शिरली असली तर ओढून येत नाही, रात्रभर तशीच ठेवली की आपोआप बसते."

काल तेच केलं. नोझल चेक (हेडची बारीक छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं पान), दोन क्लिनिंग, बंद करून झोपलो. आज सकाळी चारी रंगांच्या रेघा अखंड. काकांची फार आठवण आली. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा, मनापासून वाचायचंय.

जतची लेक
दादा आईचं वाचून डोळ्यात पाणी आलं.
आमच्याकडं एप्रिल-मेत आठ दिवस बंद राहिला की काळी गेलीच समजा. एवढं ऊन. मुख्य चूक आमची ही की भिंतीवरचं बटण बंद करायचो. प्रिंटरच्या बटणानं बंद केला तरच हेड कडेला जाऊन रबराच्या टोपीवर बसतं. मधेच लाईट गेली तर ते उघडंच राहतं आणि वाळतं. लाईट आली की आधी चालू करून परत बटणानं नीट बंद करते. आणि दर सोमवारी रांगोळीचं एक रंगीत पान काढते. दोन उन्हाळे झाले, हेड चोक नाही. भाकरी तव्यावर आहे, जाते.

भडंगवाला
ताई ती रांगोळी इथं टाका की 🙏

कृष्णाकाठ
2019 चा ऑगस्ट. मारुती चौकाच्या अलीकडं आमचं झेरॉक्सचं छोटं दुकान. पाणी चढतंय म्हटल्यावर प्रिंटर खांद्यावर टाकून माळ्यावर नेला. आडवा, तिरपा, जसा जमंल तसा. टाकीतली शाई आत सांडली, नळ्यांत सगळी हवा. पाणी उतरल्यावर चिखल काढण्यात दिवस गेले, मग प्रिंटर खाली आणला तर एक रंग येईना. आणि बाहेर रांग लागलेली. पंचनाम्याचे अर्ज, आधारच्या प्रती, भिजलेल्या पासबुकाच्या प्रती. लोकांचं घर गेलेलं आणि मी त्यांना "मशीन बंद आहे" सांगतोय. ते तोंडातून निघत नव्हतं.
मिरजेहून एक मेकॅनिक आला. आतली सांडलेली शाई पुसली, टाक्या खालच्या रेघेच्या वर भरल्या, मग नळ्यांत शाई ओढून घेतली. सगळ्या नळ्या रंगानं भरलेल्या दिसल्या तेव्हा कुठं थांबला. काळी आली. रंगीत दुसऱ्या दिवशी. चहासुद्धा उभ्यानं पिऊन गेला.
कुणी प्रिंटर हलवणार असाल तर सपाट धरा. काही मॉडेलना शाई अडवायची चावी असते, ती फिरवून मगच उचला.

माहुलीकाठ
@कृष्णाकाठ दादा, त्या वेळी आमच्या गल्लीतून भाकरी आणि पाण्याच्या बाटल्या सांगलीला गेल्या होत्या.

कृष्णाकाठ
खाल्ल्यात त्या भाकरी. विसरणार नाही.

हळदपेठ
आमचा प्रिंटर अडतीत. रेघा नव्हत्या, अक्षर दुहेरी यायचं आणि हेड धाडकन कडेला आपटायचं. सगळे म्हणाले हेड गेलं, नवीन घ्या. हेडच्या मागं एक पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर केसाहून बारीक रेघा. त्या वाचून हेडला कळतं आपण कुठं आहोत. तिच्यावर हळदीचा थर! मऊ कापड किंचित ओलं करून हलक्या हातानं पुसली, झालं. स्पिरिट लावू नका, रेघा जाऊ शकतात. आता प्रिंटरवर बायकोची जुनी ओढणी पांघरतो.

मेढेकर
पावसाळ्यात आमच्याकडं कागदच दमट. अक्षर फुगल्यासारखं, कडा पसरलेल्या. मी पण क्लिनिंगवर शाई घालवली. नवीन रीम फोडली आणि पहिलंच पान स्वच्छ. तेव्हापासून रीम प्लॅस्टिकच्या डब्यात. आधी कागद बघा.

सेवाकेंद्र कराड
दिवसभर हेच काम, म्हणून थोडं लिहितो. गिऱ्हाईक आलं तर थांबेन.
हेड दोन जातीचं. इप्सनच्या यंत्रांत पिझो, म्हणजे वीज दिली की बारीक स्फटिक वाकतो आणि थेंब ढकलतो. एचपी, कॅननच्या घरगुती यंत्रांत शाई क्षणात तापते, बुडबुडा होतो आणि थेंब उडतो. तापणाऱ्यात शाई संपलेली असताना छापत राहिलं तर हेड जळू शकतं.
ज्यांचं हेड कार्ट्रिजलाच असतं त्यांनी घाबरू नये. टिश्यू कोमट पाण्यानं ओला करून त्यावर नोझलची बाजू दोन मिनिटं टेकवायची. रंगीत कार्ट्रिजचे तिन्ही पट्टे उमटले की वाट मोकळी झाली. तांब्याच्या ठिपक्यांना बोट लावायचं नाही. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीवाल्याकडं मिळतं. बोअरचं अजिबात नको, क्षार बसतात.
आणि दोन कंपन्यांची शाई एका टाकीत मिसळू नका. काळी बऱ्याचदा पिगमेंट असते, म्हणजे न विरघळणारे रंगाचे बारीक कण, आणि रंगीत डाय, म्हणजे विरघळलेला रंग. गुठळी झाली तर

सेवाकेंद्र कराड
आलो परत, उत्पन्नाचा दाखला होता. गुठळी झाली तर क्लिनिंगनं सुटत नाही, एवढंच म्हणायचं होतं.

शिवार
काका एक विचारू? सातबारा छापून सोसायटीत नेला, वाटेत पाऊस. काळं सगळं ओघळलं. ते डाय का?

सेवाकेंद्र कराड
हो भाऊ, डायच. पिगमेंट वाळल्यावर पाण्यानं सहसा ओघळत नाही. शाईच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, पण यंत्राला जी चालते तीच भरा.

शिवार
बरं झालं. पाऊस झाला का तिकडं?

सेवाकेंद्र कराड
काल संध्याकाळी बरा झाला.

जतची लेक
आमच्याकडं ढगच नुसते. भडंगवाले दादा, रांगोळी रात्री टाकते, पोरगी फोन मागतेय.

माहुलीकाठ
हॉल तिकीट स्वच्छ आलं बरं का. आईचा फोटो पण आज परत काढला. कुंकू लालच आलं.