पाड क्रपावला पाणी सुटतं आणि गाडीवरचा वास येत नाही

रानमिरी
बँकॉकमध्ये गाड्यांवर मिळतं तसं पाड क्रपाव (वासाची पानं घालून परतलेला तिखट खिमा) घरी करायचं आहे. अर्धा किलो चिकन खिमा, एक कांदा, एक सिमला मिरची, ऑयस्टर सॉस आणि शेवटी थाई बेझिल असं घेते. कढईत पाणी साचतं, खिमा परतला न जाता नुसता शिजतो, चव गोडसर होते. त्या वासाचा तर पत्ताच नसतो. घरच्या गॅसवर हे जमतं का, की मोठी शेगडीच हवी?

खलबत्ता
घरच्या गॅसवर नक्की जमतं, फक्त एका घाण्याला 200 ग्रॅमच्या वर खिमा घेऊ नका. अर्धा किलो एकदम पडला की कढई थंडावते, सुटलेलं पाणी उडायच्या आत साचतं आणि खिमा त्यातच उकळतो. फ्रीजरमधला असेल तर पूर्ण सुटू द्या आणि निथळून घ्या. कांदा आणि सिमला मिरची दोन्ही पाणी सोडतात, दोन्ही गोडवा आणतात. काढून टाका.

लसणाच्या 5 पाकळ्या आणि 6-8 बारीक तिखट मिरच्या (तिकडे प्रिक खी नू वापरतात) खलात भरड कुटा. मिक्सरमधली गुळगुळीत पेस्ट तळाला चिकटून करपते आणि सगळं कडू होतं. कुटलेल्या लसणाचे तुकडे लहानमोठे राहायला हवेत.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवा: ऑयस्टर सॉस 2 चमचे, फिश सॉस 2 चमचे, साधा सोया सॉस 1 चमचा, साखर अर्धा चमचा, रंगापुरते काळ्या सोया सॉसचे काही थेंब. सगळीकडे चहाचा चमचा धरा. आच मोठी झाल्यावर बाटल्या शोधायला वेळ नसतो.

2 मोठे चमचे तेलात मध्यम आचेवर कुटलेलं वाटण 20-30 सेकंद परता. ठसका लागला की खिमा घाला, आच पूर्ण मोठी करा, खिमा पसरा आणि मिनिटभर हात लावू नका. सतत हलवल्यानंच पाणी सुटल्यासारखं होतं. खालची बाजू तांबूस झाली की मोडून परता, कोरडं झालं की सॉस घाला. आता 2 मोठे चमचे पाणी घातलं तर ते भातात मुरण्यापुरती ओल देतं. आधी सुटणाऱ्या पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. गॅस बंद करून मूठभर पानं घाला आणि दोनदा हलवा. पानं मऊ पडली की उतरवा, जास्त शिजली तर काळी पडून वास जातो.

हिरवापाला
वासाचं कारण पानांत आहे. थाई बेझिल म्हणून मिळतं ते होरापा: गुळगुळीत पानं, जांभळट देठ, बडीशेपेसारखा वास. ते हिरव्या करीत जातं. क्रपाव म्हणजे तुळशीची जात. पानं लवदार, कडेला दातेरी, वास मिरीसारखा तिखट. साधी तुळस चालते, पण पानं निम्मी घ्या, नाहीतर लवंगेसारखा वास चढतो. होरापा घालून केलेलं परतणं चविष्ट लागेल, पण ते पाड क्रपाव नव्हे.

कांद्याबद्दल खलबत्ता यांच्याशी सहमत. चवळीच्या शेंगांना मात्र हरकत नसावी. थायलंडमध्ये बऱ्याच गाड्यांवर घालतात. अर्धा सेंटिमीटरचे तुकडे, 50 ग्रॅमपर्यंत, खिमा कोरडा झाल्यावर.

खलबत्ता
शेंगा मला तरी नकोत. खिमा, लसूण, मिरची आणि पानं एवढ्यातच या पदार्थाचा जोर आहे. घालायच्याच असतील तर आधी कोरड्या परतून बाजूला काढा.

रानमिरी
होरापाच वापरत होते, आता कळलं. घरात एक जण शाकाहारी आहे, त्यांच्यासाठी काय करता येईल? आणि वरचं ते कुरकुरीत कडांचं अंडं?

कढईकाठ
200 ग्रॅम घट्ट टोफू फडक्यात दाबून पाणी काढा, हातानं चुरा आणि कडा तांबूस होईपर्यंत तेलात परता. ऑयस्टर सॉसऐवजी मश्रूम सॉस, फिश सॉसऐवजी साधा सोया आणि चिमूटभर मीठ. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या ठिकाणी मांस, अंडं, दूध, फिश सॉस काही नसतं. मात्र लसूण-कांदाही नसतो, त्यामुळे तिथलं क्रपाव वेगळं लागतं. साध्या गाडीवर नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तरी फिश सॉस पडतोच, तो वेगळा सांगावा लागतो.

अंडं म्हणजे खाय दाव. लहान कढईत सेंटिमीटरभर तेल धूर निघायच्या बेतात तापवा. अंडं कोरड्या वाटीत फोडून काठावरून सोडा, झाऱ्यानं पांढऱ्यावर तेल उडवत राहा. मिनिटभरात कडा जाळीदार, तपकिरी होतात आणि बलक पातळ राहतो. तो भातात फोडला की तिखट सौम्य होतं, म्हणून बलक पूर्ण शिजवू नका. अंडं आधी तळा आणि त्याच तेलात खिमा परता.

सोबत प्रिक नाम प्ला ठेवाच: 2 मोठे चमचे फिश सॉस, 4-5 मिरच्यांच्या चकत्या, लसणाची एक पाकळी बारीक चिरून, लिंबाचा रस चमचाभर. हे ताटात आधी ओतू नका, घासागणिक अंड्यावर थेंब टाकत खायचं. भात जॅस्मिन तांदळाचा, बिनमिठाचा. मिठाचा सगळा वाटा सॉसमध्ये आहे.