मदत हवी आहे: लेखकांच्या मुलाखतींत प्रश्नागणिक खुणा कशा घालाव्यात?

नमस्कार मंडळी. बडोद्यात आम्ही काही जण दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचता न येणाऱ्या वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो. आता इथल्याच मराठी लेखकांच्या मुलाखतीही घ्यायला लागलोय. पहिली दीड तासाची झाली, पण सगळी एकाच एमपीथ्री फाइलमध्ये. आमच्या वाचक आजी पंखा बंद करून, फोन कानाशी धरून ऐकत होत्या. मध्येच कुणाचा तरी कॉल आला आणि मुलाखत पुन्हा पहिल्यापासून सुरू! बराच वेळ चाचपडून म्हणाल्या, “बाळा, ती मांडवीच्या वाड्याची गोष्ट काही परत सापडेना.” फार वाईट वाटलं.

डेझी (DAISY) या दृष्टिहीनांसाठीच्या बोलत्या पुस्तकांच्या पद्धतीत ध्वनिमुद्रणात खुणा घालून एका प्रश्नावरून दुसऱ्यावर थेट जाता येतं. मराठी मुलाखतीला अशा खुणा कुणी घातल्यात का? कोणतं सॉफ्टवेअर वापरलंत?

आणखी एक. २०१२च्या दुरुस्तीमुळे कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती करू देतं. पण लेखक मुलाखतीत आपल्या कथेतला उतारा वाचतात. ती मुलाखत सगळ्यांसाठी खुली ठेवायची तर प्रकाशकाचीही लेखी परवानगी घेता का? संमतीपत्राचा मराठी नमुना कुणाकडे असेल तर कृपया पाठवा. पुढची मुलाखत येत्या रविवारीच आहे.