प्रतिसाद: महाद्वार रोडवर गाड्या बंद केल्या तर धंदा बसेल?

वर एकानं लिहिलंय की कोल्हापूरचा महाद्वार रोड चालणाऱ्यांसाठी मोकळा केला तर दुकानदार मरतील. मला नाही पटत भावा. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये 1962 साली स्ट्रोयेट रस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा तिथले व्यापारी पण हेच म्हणत होते, आज तो शहरातला सगळ्यात गजबजलेला बाजार आहे. आणि आपल्याकडं बघा, बिनखांबी गणेश ते पापाची तिकटी, इथं खरेदी करणारा माणूस चालतच असतो की, गाडीवर बसून कोण साडी बघतंय?

फक्त फरशा बसवून मात्र काय होत नाही. आयआरसी 103 मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत, स्पष्ट आहे, फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा पाहिजे आणि बाजारपेठेत त्याहून जास्त, कडेची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. आपल्याकडं फुटपाथ गुडघ्याला येतो, त्यात मधीच लाइटची डीपी (विजेची पेटी), पुढं दुकानाची पायरी, मग आजी अंबाबाईच्या दर्शनाला जाताना रस्त्यावर उतरते आणि मागनं हॉर्न. ह्यात चूक आजीची नाही, डिझाइनची आहे.

फेरीवाल्यांना हाकलू नका ही पण विनंती, 2014 च्या कायद्यात त्यांच्यासाठी जागा ठरवून द्यायची सोय आहे. संध्याकाळी त्यांच्यामुळंच रस्त्यावर जाग असते, बाईमाणसाला एकटं चालायला भ्या वाटत नाही. सामानाच्या टेम्पोला सकाळी लवकरची वेळ द्या आणि पार्किंगचं आधी बघा, नायतर सगळ्या गाड्या शेजारच्या गल्ल्यांत घुसतील.