झाडांच्या फिशटँकमध्ये सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नीट विरघळत नाहीये, डिफ्यूजर ठेवू की रिअ‍ॅक्टर घेऊ?

हिरवळवेडा:
टँक 200 लिटरच्या आसपास, कॅनिस्टर (टँकबाहेरचा) फिल्टर, सिलिंडरचा प्रेशराइज्ड सीओटू, आत साधा काचेचा सिरॅमिक डिफ्यूजर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारी चकती). बबल काउंटरमधले बुडबुडे आता मोजताही येत नाहीत इतका रेट वाढवलाय तरी ड्रॉप चेकर (सीओटूप्रमाणे रंग बदलणारी टेस्ट, हिरवा म्हणजे पुरेसा) निळसर हिरव्याच्या पुढे जायला तयार नाही, आणि समोरून बघितलं की बुडबुड्यांची रांग सरळ वर जाऊन फुटताना दिसते, म्हणजे गॅस झाडांना कमी आणि खोलीलाच जास्त मिळतोय. झाडांपैकी रोटाला बरी चाललीये, हेअरग्रास वाढतच नाही. इनलाइन (फिल्टरच्या पाइपमध्येच बसणारा डिफ्यूजर) घेऊ की पाइपवरच गॅस विरघळवणारा रिअ‍ॅक्टर? आत छोटे टेट्रा मासे आणि श्रिंप आहेत.

बुडबुडबुवा:
खरेदीचं नंतर बघू, आधी डिफ्यूजर नेमका कुठे लावलाय ते सांगा.

हिरवळवेडा:
मागच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या आउटलेटच्या खालीच, साधारण अर्ध्या उंचीवर.

बुडबुडबुवा:
अर्ध्यावर कशाला हो, तिथून वर जायला कितीसा वेळ लागतो! बुडबुडा बारीक हवा आणि पाण्यात जास्तीत जास्त वेळ राहायला हवा, सगळा खेळ एवढाच. डिफ्यूजर तळाशी न्या आणि आउटलेटच्या समोरच्या बाजूला लावा, प्रवाह काचेवर आपटून खाली वळतो ना तिथे, म्हणजे बुडबुडे वर न पळता खाली ढकलले जाऊन झाडांमधून फिरतील. चकतीवर शेवाळ धरलं असेल तर ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून ठेवा, मग भरपूर धुऊन डीक्लोरिनेटरच्या (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाच्या) पाण्यात ठेवा आणि त्यानंतरच टँकमध्ये. सिलिंडरच्या रेग्युलेटरचं प्रेशरही बघा, बारीक चकत्यांना 2 बारच्या आसपास लागतं.

पीएचपंत:
ड्रॉप चेकरवर फार विसंबू नकोस, तो एक-दोन तास मागे असतो. (आत 4 डीकेएचचं (कार्बोनेट कडकपणाचं माप) द्रावण आहे ना? टँकचंच पाणी भरलं असेल तर रंगाला अर्थ नाही.) त्यापेक्षा ग्लासभर टँकचं पाणी 24 तास उघडं ठेवून पीएच मोज आणि लाइट लागताना टँकचा मोज, दोन्हींतला फरक बघ. पीएच 1 ने उतरला की सीओटू साधारण 10 पट झालेला असतो, बहुतेक लोक 1 ते 1.2 च्या उताराला थांबतात, तिथे 30 पीपीएमच्या आसपास येतं. आणि सोलेनॉइड (गॅसची इलेक्ट्रिक झडप) लाइटच्या एक-दोन तास आधी चालू होऊ दे, लाइटबरोबर लावलास तर निम्मा दिवस पातळी गाठण्यातच जातो.

शांतपाणी:
पाण्याचा पृष्ठभाग अजिबात हलू देऊ नका, सगळा सीओटू तिथूनच उडतो.

पीएचपंत:
@शांतपाणी हे नाही पटत. हलका तरंग हवाच, रात्री झाडंही ऑक्सिजनच खातात आणि वर तेलकट थर धरला तर मासे आधी गुदमरतात. सीओटू उडतो मान्य, पण मग थोडा जास्त सोडा. फक्त पाणी फेसाळू नका.

हिरवळवेडा:
डिफ्यूजर तळाशी नेला, चकती साफ केली. रंग बऱ्यापैकी हिरवा झाला, पण पीएच जेमतेम 0.7 उतरतोय आणि रेट अजून तेवढाच आहे. म्हणजे काहीतरी घ्यावंच लागणार.

बुडबुडबुवा:
मग 200 लिटरला माझं मत रिअ‍ॅक्टर. फिल्टरच्या आउटलेट पाइपवर बसवायचा, इनटेकवर नको, इंपेलरमध्ये (पंपाच्या पंख्यात) गॅस साठून फिल्टर खडखडतो. पाणी वरून शिरून खाली जातं, बुडबुडा वर यायला बघतो, आणि या ओढाताणीत तो विरघळेपर्यंत आतच अडकून राहतो. टँकमध्ये एक बुडबुडा दिसत नाही. पण फ्लो कमी होतो, फिल्टर आधीच दमलेला असेल तर कोपऱ्यातल्या झाडांपर्यंत काही पोचणारच नाही आणि मग विरघळवून उपयोग काय? तसं असेल तर इनलाइन घ्या, फ्लो फारसा अडत नाही, फक्त बारीक बुडबुड्यांमुळे पाणी कायम सोड्यासारखं धुरकट दिसतं. मला ते बघवत नाही, काहींना पानांवर बसलेली ती मिस्टच आवडते.

हिरवळवेडा:
फिल्टर तसा ताकदीचा आहे. रिअ‍ॅक्टर ठरला.

पीएचपंत:
बसवल्यावर आत्ताचा रेट तसाच ठेवू नकोस हां! आज निम्मा गॅस वर फुटतोय म्हणून मासे ठीक आहेत, रिअ‍ॅक्टर जवळपास सगळा विरघळवतो. अर्ध्याहून कमी करून सुरू कर आणि घरी असशील त्याच दिवशी कर, मग पीएच बघत रोज थोडा थोडा वाढव. मासे वर येऊन धापा टाकायला लागले तर गॅस बंद, आउटलेट वर उचलून पाणी खळखळव, आणि लगेच थोडं पाणी बदल.