मदत हवी आहे: माझ्या एका वाक्यामुळे घरातली भाषा बंद झाली, आता आईला समजावू कसं?

नमस्कार मंडळी,

मी परदेशात बालवर्गाला शिकवते. निम्म्या मुलांच्या घरी शाळेची भाषा कुणालाच येत नाही. त्यातल्या एका चार वर्षांच्या मुलीबद्दल विचारायचं आहे.

चार महिने झाले, ती वर्गात एक शब्द बोललेली नाही. मला त्याची काळजी नव्हती. नवी भाषा कानावर पडली की बरीच मुलं आधी काही महिने नुसती ऐकतात. ही तर सांगितलेलं सगळं करते, गाण्याच्या वेळी ओठही हलवते. पालकभेटीत मी मोबाइलवरच्या भाषांतराने आईला तेवढंच सांगितलं, "ती अजून बोलत नाही, पण तिला सगळं समजतं." आईचा चेहरा उतरला. "हो, हो" म्हणाली आणि गेली. काल तेच वाक्य उलटं फिरवून पाहिलं, तर 'बोलत नाही'चं 'बोलता येत नाही' झालं होतं.

आठ वर्षांच्या भावाकडून कळलं की त्या दिवसापासून आईने घरात त्यांची भाषा बंद केली आहे. शाळेच्या भाषेतले जेमतेम शंभर शब्द येत असतील तिला, त्यांतच बोलते. झोपतानाची गोष्ट बंद. आता मुलगी घरीही गप्प असते. हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

घरची भाषा पक्की असली की दुसरी तिच्याच आधाराने येते. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या अभ्यासानुसार रोजच्या बोलण्यापुरती भाषा साधारण 2 वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला 5 ते 7 वर्षं लागतात. म्हणजे चार महिने म्हणजे काहीच नाही. पण हे त्या माउलीपर्यंत पोहोचवू कसं?

भावाला मध्ये घालून एकदा पाहिलं. मी चार वाक्यं बोलले, त्याने एक शब्द सांगितला आणि आई त्याच्यावरच रागावली. त्या पोराला पुन्हा दुभाषा करायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय. शाळेचा दुभाषी फक्त प्रवेशाच्या वेळी येतो. त्यांच्या भाषेची दुसरी एक पालक आहे, पण घरातली गोष्ट ओळखीच्या बाईसमोर काढली तर आईला कमीपणा वाटेल का?

मनात असं येतं की आईला वर्गात बोलवावं आणि सगळ्या मुलांना तिच्याच भाषेत गोष्ट सांगायला लावावी. चित्रं दाखवली की मुलं बरोबर धरतात. तिची भाषा शाळेला हवी आहे, हे मला न बोलता सांगता येईल. पण बाई म्हणतात म्हणून ती "हो" म्हणेल आणि मनातून घाबरेल, याची धास्ती वाटते. तिचा "हो" म्हणजे 'समजलं' नसतो, हे आता मला कळलंय.

तुमच्यापैकी कुणी पालक म्हणून असं परक्या भाषेत शिक्षकांसमोर बसलं आहे का? तेव्हा शिक्षकांनी काय केलं म्हणजे तुम्हाला धीर आला? आणि मी तिला आधी एकटीला भेटू की थेट वर्गात बोलवू?