जायंट रोबो (१९६७): शेवटच्या भागात रोबो आज्ञा का मोडतो?

अनिमिष (प्रश्नकर्ता)

नमस्कार. लहानपणी या मालिकेचे इंग्रजीत डब केलेले काही तुटक भाग मी पाहिले होते. गेल्या महिन्याभरात मूळ जपानी आवाजातील सव्वीसच्या सव्वीस भाग ओळीने पाहून संपवले आणि शेवटच्या भागापाशी येऊन अडकलो आहे.

पहिल्या भागात नियम अगदी स्पष्ट सांगितला जातो: मनगटावरच्या घड्याळवजा यंत्रातून रोबोने ज्याचा आवाज सर्वप्रथम ऐकला, त्याच्याच आज्ञेवर तो चालणार, अन्य कोणाच्याही नाही. तो आवाज योगायोगाने दाइसाकू कुसामा या शाळकरी मुलाचा ठरतो आणि पुढे अख्खी मालिका याच नियमावर उभी राहते. दाइसाकूच्या तोंडाला कापड बांधले की रोबो ठप्प. घड्याळ हिसकावले की रोबो ठप्प. असे असताना शेवटच्या भागात कोणीही न सांगता रोबो स्वतःहून चालू लागतो, खलनायक गिलोटिन सम्राटाला कवेत घेऊन अंतराळात झेपावतो, दाइसाकू घड्याळात ‘परत ये’ म्हणून ओरडत राहतो, आणि रोबो ऐकत नाही. दृश्य पाहताना डोळ्यांत पाणी आले हे कबूल करतो. पण नंतर वाटले की स्वतःच घालून दिलेला नियम लेखकांनी ऐन वेळी सोयीसाठी मोडला. मालिकेत याची काही पूर्वतयारी आहे आणि ती माझ्या नजरेतून सुटली, की ही निव्वळ भावनिक चलाखी आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

पडद्यामागे

पूर्वतयारी आहे, मात्र ती एखाद्या संवादात शोधू नका. मालिकेच्या बांधणीत शोधा.

मूळ कल्पना मित्सुतेरू योकोयामा यांची. त्यांचा याआधीचा प्रसिद्ध महाकाय यंत्रमानव म्हणजे १९५६ पासून मासिकातून आलेला तेत्सुजिन २८. तो चालतो हातातल्या रिमोटवर, आणि रिमोट ज्याच्या हाती त्याचा तो गुलाम, मग तो बालनायक शोतारो असो वा दरोडेखोर. त्या कथांतला सारा ताण ‘रिमोट कोणाकडे आहे’ या एका प्रश्नातून निर्माण होतो. यंत्र आणि मूल यांच्यात नाते असे काही नसते. मालकी असते, आणि ती क्षणात बदलू शकते. दहा-अकरा वर्षांनी जायंट रोबो रचताना योकोयामांनी नेमकी हीच कळ बदलली. रिमोट चोरता येतो, आवाज चोरता येत नाही. त्यामुळे गिलोटिनच्या बीएफ टोळीला रोबो हवा असेल तर दाइसाकूला पळवावे लागते, धमकावावे लागते, त्याला बोलण्यापासून रोखावे लागते. यंत्राची किल्ली म्हणजे एक जिवंत मूल, असे एकदा ठरले की यंत्र आणि मूल यांच्यात काहीतरी वैयक्तिक घडणारच. ते टाळायचे म्हटले तरी टळत नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या भागातच आहे आणि बहुतेकांच्या लक्षातून ती निसटते. डॉक्टर गुट्टमान हे टोळीच्या बळजबरीखाली रोबो बनवणारे शास्त्रज्ञ. आपल्या हातून घडलेले यंत्र टोळीच्या हाती पडू नये म्हणून ते तळावर अणुबॉम्ब लावून ठेवतात, आणि बॉम्ब फुटल्यावर नष्ट होण्याऐवजी रोबो त्याच ऊर्जेने जागा होतो. आता याच्या शेजारी शेवटचा भाग ठेवून पाहा. तिथे अडचण अशी की गिलोटिन हाच अणुऊर्जेचा गोळा आहे. त्याच्यावर हल्ला केला तर तो फुटणार आणि पृथ्वीही त्याच्याबरोबर जाणार. म्हणजे जो स्फोट पहिल्या भागात पृथ्वीवर झाला आणि ज्यातून रोबो जन्मला, तसलाच स्फोट रोबो शेवटी स्वतःच्या अंगावर घेऊन पृथ्वीपासून दूर नेतो. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा जेमतेम बावीस वर्षे झाली होती. ही मालिका लिहिणाऱ्या आणि बनवणाऱ्या मोठ्या माणसांना तो काळ स्वतः आठवत असणार, हे विसरून चालणार नाही.

राहिला नियम मोडण्याचा प्रश्न. माझ्या मते तो मोडावाच लागला. दाइसाकूने ‘जा आणि मर’ अशी आज्ञा दिली असती तर शेवट एका मुलाच्या माथी बसला असता. ती आज्ञा तो देऊच शकला नसता, आणि दिली असती तर आपण त्याला माफ केले नसते. त्याला त्या ओझ्यातून सोडवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे न सांगता निघून जाणे.

तिरकस

वरचा प्रतिसाद सुरेख आहे, परंतु थोडे जमिनीवर येऊया. मालिका ९ ऑक्टोबर १९६७ रोजी सुरू झाली आणि १ एप्रिल १९६८ रोजी संपली. दर सोमवारी एक याप्रमाणे बरोबर सव्वीस भाग, म्हणजे सरळ अर्धे वर्ष. तोएई कंपनीने एनईटी वाहिनीसाठी याआधी केलेली ‘आकुमा-कुन’ हीदेखील सव्वीस भागांची होती. त्यातही एक मुलगा, त्याच्या हुकमात वागणारा एक बलाढ्य जीव आणि त्याला काबूत ठेवणारी एक वस्तू, हाच साचा होता. इतकेच नव्हे, तर नायकाच्या भूमिकेत तोच बालकलाकार, मित्सुनोबू कानेको. त्याआधी जुलै १९६६ मध्ये आलेल्या ‘मॅग्मा’ मालिकेत मुलगा शिट्टी वाजवतो आणि सोनेरी राक्षस रॉकेट होऊन धावून येतो. मूल हाक मारते आणि महाकाय येतो, हा त्या दोन वर्षांचा हुकमी मसाला होता.

शिवाय समोर कोण होते ते पाहा: ‘अल्ट्रासेव्हन’ ही महाकाय नायकाची मालिका १ ऑक्टोबर १९६७ रोजी, म्हणजे जायंट रोबोच्या जेमतेम आठ दिवस आधी सुरू झाली होती. अशा स्पर्धेत मालिका संपवताना प्रेक्षक मुलांच्या मनावर कायमचा ओरखडा उठेल असा शेवट करणे हा धंद्याचाही हिशेब असतो. चलाखी म्हणा, पण उत्तम वठलेली चलाखी. नियम मोडला याबद्दल मात्र मी प्रश्नकर्त्यांशी सहमत आहे.

पडद्यामागे

@तिरकस, धंद्याचा हिशेब आणि कथेची गरज एकाच ठिकाणी येऊन मिळू शकतात. साचा एकच असला तरी फरक पाहा: शिट्टी ही बोलावण्याची खूण आहे, तर घड्याळात बोलायचे म्हणजे प्रत्येक हालचाल मुलाने स्वतः शब्दांत मांडायची. उठ, ऊड, मूठ मार, बोटांतली क्षेपणास्त्रे सोड. सव्वीस भाग त्याच्या तोंडून प्रत्येक ठोसा ऐकल्यावर शेवटी जी शांतता येते, तिचा परिणाम शिट्टीच्या मालिकेत साधलाच नसता.

मापटे

विषयाला धरून, पण जरा वेगळ्या बाजूने. शेवट परिणामकारक होतो याचे एक कारण रोबोचे वजन आहे, आणि मी ते अक्षरशः म्हणतो आहे. अधिकृत मापे ३० मीटर उंची आणि ५०० टन वजन अशी दिली जातात. मुलांच्या मासिकांतले असले आकडे बहुधा हवेतले असतात, म्हणून मी एकदा हिशेब मांडला. १.८ मीटर उंचीचा, ८० किलोचा माणूस त्याच प्रमाणात ३० मीटर केला तर उंची सुमारे १६.७ पट होते आणि वजन त्याच्या घनाच्या पटीत, म्हणजे साधारण ३७० टन. तेव्हा ५०० टनांचा रोबो हा माणसापेक्षा थोडाच घन ठरतो. भरीव पोलादाचा असता तर आकडा याच्या पाच-सहा पट गेला असता. आतून बराचसा पोकळ धरला तर ५०० टन मुळीच अवाजवी नाहीत.

आता पडद्यावर हे वजन दाखवायचे कसे? पोशाखात तर साधा माणूसच आहे आणि भोवती छोट्या प्रतिकृती. वस्तू जितक्या पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतका कॅमेरा जलद फिरवावा लागतो, कारण उंचावरून पडायला लागणारा वेळ त्याच प्रमाणात बदलतो. सोळापट लहान पोशाखासाठी नेहमीच्या सेकंदाला २४ चौकटींऐवजी सुमारे ९६ चौकटी टिपल्या, तर पडणारी वीट आणि उडणारी धूळ खऱ्या आकाराची वाटते. त्यात फिल्म चौपट खर्च होते आणि प्रकाशही तितकाच जास्त लागतो, हे साप्ताहिक मालिकेच्या खर्चात दर वेळी परवडणारे नव्हतेच. म्हणून उरलेले काम कॅमेरा जमिनीलगत ठेवून आणि रोबोला मुद्दाम संथ चालवून भागवलेले दिसते. चेहरा तर फारोच्या मुखवट्यासारखा, न हलणारा. भावना दाखवायला त्या चेहऱ्यात काहीही जागा नाही, आणि नेमके म्हणूनच शेवटच्या भागात तो पाठ फिरवून निघतो तेव्हा आपण हवी ती भावना त्यावर बसवतो.

दुभाषी

प्रश्नकर्त्यांना शेवट अचानक वाटण्याचे एक कारण डबिंगमध्येही असू शकते. अमेरिकन इंटरनॅशनल टेलिव्हिजनने १९६९ मध्ये ही मालिका ‘जॉनी सोको अँड हिज फ्लाइंग रोबोट’ या नावाने तिकडे नेली. दाइसाकूचा जॉनी झाला, त्याचा साथीदार मिनामी याचा जेरी मानो, बीएफ टोळीची गार्गॉइल टोळी. टोळीशी लढणारी युनिकॉर्न संघटना तेवढी युनिकॉर्नच राहिली.

माझ्या दृष्टीने मोठा फरक हाकेचा आहे. जपानीत मुलगा ‘रोबो!’ अशी हाक मारतो. तो शब्द तिथे नावासारखा वापरला जातो, एखाद्या मित्राला किंवा पाळीव कुत्र्याला मारलेल्या हाकेसारखा. संकटात तो ‘गानबारे, रोबो!’ म्हणतो, म्हणजे ‘नेट धर, रोबो!’ ही आज्ञा नव्हे. यंत्राला असे कोणी सांगत नाही. इंग्रजीत तोच ‘जायंट रोबोट’ होतो, म्हणजे वस्तूच्या प्रकाराचे नाव, आणि हाकेतला जिव्हाळा पातळ होतो. आपण लहानपणी आज्ञा ऐकल्या. मूळ प्रेक्षकांनी आज्ञांच्या अधूनमधून आर्जवेही ऐकली. पूर्वतयारी शोधायची तर मी तिथे शोधेन.

अनिमिष (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दुभाषी यांचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री पाच-सहा भागांतल्या मारामाऱ्या पुन्हा पाहिल्या. आज्ञा कुठे संपते आणि धीर देणे कुठे सुरू होते, याकडे प्रथमच लक्ष गेले. मी नियम आज्ञेचा धरून बसलो होतो. मुलगा मात्र फार आधीपासून त्याच्याशी वेगळ्याच भाषेत बोलत होता. तिरकस यांचा हिशेबही पटतो, त्यामुळे निकाल राखून ठेवतो. याच कुळातले पुढे काय पाहावे, एवढे कोणी सांगेल का?

पडद्यामागे

यातली स्वतःहून चालण्याची गोष्ट आवडली असेल तर थेट १९७७ च्या ‘दाइतेत्सुजिन १७’ कडे जा. पस्तीस भाग आहेत, तोएईचीच निर्मिती, मूळ कल्पना शोतारो इशिनोमोरी यांची, आणि तिथला यंत्रमानव स्वतःची बुद्धी बाळगून आपल्याच निर्मात्या संगणकाविरुद्ध उभा राहतो. मधल्या काळातली ‘रेड बॅरन’ (१९७३, एकोणचाळीस भाग) मारामारीसाठी उत्तम आहे, पण तिथे चालक यंत्राच्या पोटात बसतो. डिसेंबर १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘माझिंगर झेड’ या अ‍ॅनिमेशन मालिकेनंतर तीच रीत पडली. १९७८ च्या तोएईच्या स्पायडरमॅनमधला यंत्रमानव लिओपार्डोनही त्याच रांगेतला.

तिरकस

लिओपार्डोनकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. तो येतो, तलवार फेकतो आणि लढाई संपते. आत बसलेल्या चालकाला ‘नेट धर’ म्हणायलाही सवड मिळत नाही.